लेतूपोड कोणाचं?

प्रिय बा,

तुला जाऊन येत्या चैतात वर्ष होईल. इतक्या दिवसांत मी तुला एक ओळ लिहिली नाही. लिहून उपयोग तरी काय होता? जिवंत होतास तेव्हाही तुला अक्षर येत नव्हतं. तुझ्या नावाचे कागद मीच वाचायचो आणि उत्तरंही मीच लिहायचो. पण आज लिहायला बसलो आहे, कारण सोमवारी कचेरीतल्या एका जुन्या फाईलीत मला तुझा अंगठा सापडला.

तुझाच. त्यावरची विळ्याची आडवी खूण मी हजार अंगठ्यांत ओळखेन. आणि बा, तो अंगठा जिथे आहे तिथे असायला नको होता! तेव्हापासून माझं कशात लक्ष नाही. तुझ्याबद्दल मनात नाही नाही ते येतं. मेलेल्या बापावर संशय घेणं बरं नाही, हे मला कळतं. पण जिवंतपणी तू कधी काही सांगितलं असतंस, तर ही वेळ आली असती का?

झालं असं, की आमच्या चांदमारीवर नवे मेजरसाहेब आले. मैदान तुला ठाऊकच आहे. दर हिवाळ्यात पलटणी येतात, तंबू ठोकतात, तीन महिने गोळ्या झाडायचा सराव करतात आणि निघून जातात. बाकीचं वर्षभर तिथे मी, दोन चौकीदार आणि गोदामातले उंदीर. या साहेबांना हौस मोठी. फाटकावर फलक लावायचा आणि त्यावर मैदानाच्या नावाचा इतिहास लिहायचा, असं त्यांच्या मनात आलं. मला बोलावून म्हणाले, "दौलतबाबू, ये लेतूपोड नाम आया कहाँ से? आधा पन्ना लिख के लाओ." शेजारी सुभेदार उभे होते. ते म्हणाले, लेतू नावाचा कोणी राजा असणार, इथे त्याची लढाई झाली असेल. साहेबांना ते फार आवडलं.

लेतू राजा! मला हसू दाबता येईना. लेतूकडे एक कुऱ्हाड होती, एक कांबळं होतं आणि एक बोकड होता, जो तुझ्या धोतराचा सोगा खायचा. आठवतं? झरीकडच्या त्या जंगलात नाल्याकाठी, मोहाच्या झाडापाशी, त्याने पहिली झोपडी उभी केली. मागून त्याचे भाऊबंद आले. कोलामांच्या वस्तीला पोड म्हणतात, आणि पोडाला नाव पडतं ते वसवणाऱ्याचं. लेतूने वसवलं ते लेतूपोड. पलटणीने जमीन घेतली, माणसं उठवली आणि नाव तेवढं ठेवून घेतलं. इतिहास म्हणावा तर एवढाच.

तीन ओळींत काम झालं असतं. पण मी पडलो कारकून. कागद पाहिल्याशिवाय मला माझं स्वतःचं नावही खरं वाटत नाही. म्हणून जमीन घेतली त्या वेळची फाईल काढली.

फाईलीत सगळ्यांत वर तहसिलीचं ताजं पत्र होतं. चौकीदाराने ते मला न दाखवता परस्पर लावून टाकलं होतं. गुरुवारी सुनावणी आहे, असं त्यात होतं. पोड उठवल्यावर ती बावीस घरं नाल्यापलीकडे जाऊन राहिली. ती जागा जंगल खात्याची, तेव्हा त्यांनी तीही सोडावी, असं खात्याचं म्हणणं. पोडाचं म्हणणं असं, की आम्हाला जमिनीच्या बदल्यात जमीन मिळायची होती, ती मिळालीच नाही. तहसिलीने आमच्याकडे एकच कागद मागितला होता. जमीन घेण्याआधी पोडाला नोटीस बजावली होती काय? बजावली असेल, तर तीस दिवसांत त्यांनी बदली जमीन मागायला हवी होती. मागितली नाही, म्हणजे हक्क संपला. बजावली नसेल, तर ती बावीस घरं आहेत तिथेच राहतील.

त्या पत्राखाली नोटिशीची प्रत होती. मागच्या बाजूला पटवाऱ्याच्या हाताने लिहिलेलं होतं, "मूळ नोटीस लेतू वल्द मुत्ता कोलाम यास समक्ष दिली." आणि खाली, बजावणारा कोतवाल म्हणून, तुझा अंगठा.

समक्ष! बा, चीनच्या लढाईनंतरच्या हिवाळ्यात ही जमीन मोजली. लेतू त्याच्या दहा वर्षं आधी मेला होता. पटवाऱ्याला ते ठाऊक नसेल, मोजणीवाल्या साहेबाला तर नसेलच. पण तुला ठाऊक नव्हतं? लेतू मेल्याचा सांगावा पोडापोडांतून तूच घेऊन गेला होतास!

मला तो दिवस चांगला आठवतो. मी सातवीत असेन. मयताचा सांगावा नेणं हे तेव्हा आपल्या घराकडे गावकीचं काम होतं. कोणाच्याही घरचा जीव गेला की हाक तुला. ऊन असो, चिखल असो, घुंगराची काठी घ्यायची आणि निघायचं. आणि तुझा एक नियम होता. शेवटच्या घरी सांगून होईपर्यंत पाण्याचा थेंब तोंडात घ्यायचा नाही. लेतूच्या वेळी तू सात पोडं फिरून आलास, तेव्हा तुझे ओठ फुटले होते. माय ओरडली, "रस्त्यानं एवढे नाले लागले, पानी पेला काहून नाई?" तू खाली बसत म्हणालास, "तोंडात त्याचं मरन होतं. वरून पानी कसं पेऊ?"

मग मला सांग, ज्याचं मरण तोंडात धरून तू सात पोडं फिरलास, त्यालाच तू दहा वर्षांनी नोटीस दिलीस कशी?

संशयाचं वाईट हे, की तो एका जागी बसत नाही. सोमवारची सगळी रात्र मी तुझं जुनं उकरत बसलो.

मोजणीवाल्या साहेबाने तुला एक खाकी कोट दिला होता. बरोबर ना? तुला कोलामी येत होती, मोजणीच्या वेळी तू साहेबाचा दुभाषा होतास, त्याबद्दल दिला असं तू सांगितलंस. पण तो कोट तू कधी अंगात घातला नाहीस. खुंटीवरच राहिला. मी विचारलं तर म्हणालास, "गरम होते." पौषात गरम होते, बा?

मग तुझी तंबाखूची पितळी डबी. आज्याच्या हातची, झाकणावर मोर असलेली. ती त्याच सुमाराला हरवली. माय आठ दिवस घर उलटंपालटं करत होती. तू मात्र खाटेवर बसून नुसता बघत होतास, शोधायला उठला नाहीस. परवा मला वाटलं, हरवलीच नव्हती. साहेबलोकांना जुन्या वस्तूंचा नाद असतो. त्याने कोट दिला, तू डबी दिलीस.

आणि माझी नोकरी! पुढच्याच वर्षी मैदान सुरू झालं आणि मला तिथे कारकून म्हणून घेतलं. आपल्या वस्तीत मॅट्रिक झालेला मी एकटाच, हे खरं. इतकी वर्षं मी समजत होतो, की ती नोकरी माझ्या अक्षरामुळे लागली. सोमवारी पहिल्यांदा वाटलं, ती तुझ्या अंगठ्यामुळे लागली असेल.

मैदानाच्या रस्त्याला नावाची पाटी लावली त्या दिवशीचंही आठवलं. तू मुद्दाम बघायला आला होतास. पाटीकडे बोट करून मला विचारलंस, "काय लिवलं?" मी वाचलं, "लेतूपोड." म्हणालास, "अजून एक डाव वाच." मी तीनदा वाचलं. तू दर वेळी मान हलवत होतास. मला तेव्हा वाटलं, बापाला पोराचं वाचणं ऐकावंसं वाटतंय. त्यानंतर त्या रस्त्याने तू पुन्हा कधी आला नाहीस. मारेगावच्या बाजाराला जायचं, तरी कोसभर वळसा घ्यायचास. एवढी पायपीट कशाला असं विचारलं, तर विषय बदलायचास.

मायला विचारून पाहिलं. "बा त्या नोटिशीचं तुले काही बोलला होता का?"

माय भांडी घासत होती. तिने मान वर केली नाही. "मेलेल्या मानसाले कायले कचेरीत ओढून राह्यला तू? ईहारात त्याचा फोटू लावाचं ठरलं, लोकं चांगलं बोलून राह्यले. तुले पाहावत नाई का?"

हो, तुला सांगायचं राहिलं. विहारात तुझा फोटो लावणार आहेत. छप्पनच्या दसऱ्याला नागपूरहून दीक्षा घेऊन आल्यावर गावकीची काठी सगळ्यांत आधी टाकली ती तू, म्हणून. टाकलीस की टाकायला लावली, ते तू आणि मी जाणतो.

आता माझ्यासमोर काय होतं बघ. नोटिशीची नक्कल काढून पाठवली, की माझं काम संपलं. तुझं नाव राहत होतं, फोटो लागत होता, माझी नोकरी राहत होती. बावीस घरं तेवढी उठत होती. आणि मी काही खोटंही करत नव्हतो. कागदावर जे आहे तेच पाठवत होतो!

मंगळवारी सायकल काढली आणि नाल्यापलीकडे गेलो. कबूल करतो, पोडावर दया येऊन गेलो नाही. तू काय केलं होतंस ते मला कळायला हवं होतं, म्हणून गेलो.

लेतूची म्हातारी, पोचूबाई, अजून आहे. अंगणात बांबूच्या कामट्या घेऊन टोपलं विणत बसली होती. मला तिने लांबूनच ओळखलं.

"कोतवालाचा पोरगा नं तू? चांदमारीतला?"

"व्हय. मोजनीच्या दिवसाचं विचाराले आलो."

"पाच वर्सं झाले. आता विचारून राह्यला?" ती विणतच राहिली.

मी सायकल कुडाला टेकवून तिच्यासमोर बसलो. मग तीच बोलायला लागली. "साहेबानं विचारलं, कोनाचं पोड? आमी म्हनलं, लेतूचं. मंग दुसरं कोनाचं म्हनाव? तुह्या बापानं तेच साहेबाले सांगितलं. साहेबानं लिवून घेतलं."

"पन लेतू मेला होता, हे कोनंच काहून नाई सांगितलं?"

तिने कामटी खाली टाकली आणि घाईने आजूबाजूला पाहिलं. "हळू बोल! पोडावर त्याले मेला म्हनत नाई."

मग तिने समजावलं. त्यांच्या पोडाची रीत अशी, की ज्याने पोड वसवलं, त्याला पोडाच्या जमिनीवर उभं राहून मेला म्हणायचं नाही. त्याला मूठमाती द्यायची, दगड रोवायचा, बाहेरच्या पोडांना सांगावा धाडायचा, सगळं करायचं. पण पोडावर तो शब्द तोंडातून काढायचा नाही. काढला तर पोड पोरकं होतं आणि मग ते मोडून दुसरीकडे जावं लागतं. म्हणून साहेबापुढे सगळे गप्प राहिले. पोड मोडू नये म्हणून गप्प राहिले, बा! आणि त्यानेच मोडलं.

"म्या तुह्या बापाले बाजूले घेतलं," पोचूबाई म्हणाली. "म्हनलं, आमाले इथं बोलता येत नाई. तू कचेरीत जाऊन सांग, का लेतू आता राह्यला नाई. तूच तं त्याचा सांगावा नेल्ला होता."

"मंग?"

"मंग काय? रडला तो."

माझा विश्वास बसला नाही. तुला रडताना मी कधी पाहिलं नाही. आजी गेली तेव्हा नाही, धाकटी बहीण गेली तेव्हाही नाही. मनात म्हटलं, म्हातारी हुशार आहे. सुनावणी गुरुवारी, हिला माझी साक्ष पाहिजे, म्हणून बापाचं रडणं काढते आहे. मी तिला तोडूनच विचारलं, "रडाले काय झालं होतं त्याले?"

"म्हने, पोचूबाई, म्या पोराले शब्द देल्ला. कोनाच्याच मयताचा सांगावा आता या तोंडातून निंघनार नाई. पोराच्या डोक्शावर हात ठेवून देल्ला, म्हने."

बा, हे तिला कोणी सांगितलं असेल? ही गोष्ट मायलाही माहीत नाही. घरात तेव्हा तू आणि मी दोघंच होतो.

मी अठरा वर्षांचा होतो. दीक्षा घेऊन आलो होतो, अंगात वारं होतं. गावकीची कामं कोणी करायची नाहीत असं वस्तीत ठरलं होतं, आणि त्याच आठवड्यात कोणाचा तरी सांगावा घेऊन तू दारव्ह्याकडे जाऊन आलास. त्या लोकांनी तुला उन्हात उभं ठेवलं, तू उभा होतास तिथे मागून पाणी शिंपडलं आणि वरून शिळी भाकर तुझ्या धोतरात टाकली. ती भाकर तू घरी आणलीस. मी ती पाहिली आणि माझं डोकं फिरलं. तुझी काठी मी गुडघ्यावर मोडून चुलीत घातली. घुंगरं काळी पडेपर्यंत बघत उभा राहिलो. मग तुझा हात धरून माझ्या डोक्यावर ठेवला आणि म्हटलं, बोल, आजपासून कोणाच्या मयताचा सांगावा तोंडातून काढणार नाही.

तू विचारलंस, "कोनाच्याच नाई?"

"कोनाच्याच नाई."

"आन् गरिबाचा असला तं?"

"कोनाच्याच नाई म्हनलं नं!"

तू तो शब्द पाळत होतास, हे मला माहीत होतं. पण इतका पाळशील, हे मला कुठे माहीत होतं? त्यानंतर तू सरकारी कोतवालकी केलीस, नोटिसा वाटल्यास, दवंड्या दिल्यास. मयताचं मात्र नाव काढलं नाहीस. आजी गेली तेव्हा मामाकडे तूच गेलास, पण दारात जाऊन नुसता बसून राहिलास. मामीने तुझ्या चेहऱ्यावरून ओळखलं. मी तेव्हा म्हटलं, म्हातारा दुःखाने मुका झाला.

पोचूबाईने पुढचंही सांगितलं. कागद आला, लेतूच्या नावाचा. तू घेऊन गेलास आणि दिवसभर तिथे बसून राहिलास. कागद परत न्यायचा, तर कचेरीत मयत म्हणून सांगावं लागणार. ते तुझ्याने होईना. पोडातलं कोणी त्या कागदाला हात लावेना, कारण तो त्यांच्या नावाचा नव्हता.

"मंग दिवस कलला तसा उठला," ती म्हणाली. "मोहाखाली गेला, अन् ज्याचा होता त्याले देऊन आला."

"म्हंजे कोनाले?"

"कोनाले म्हंजे? लेतूले."

मी निघालो तेव्हा तिने मागून हाक मारली. म्हणाली, "इथं नको म्हनू ते. तिकडं जाऊन म्हन." आणि वर विचारलं, "तुवा तं कोनाले शब्द नाई नं देल्ला?"

तरी माझा संशय फिटला नाही. मी तुझाच पोरगा, पण तुझ्याइतका भोळा नाही. बाईने सांगितलं आणि मी मानलं, असं कसं चालेल?

तो मोह अजून मैदानात आहे, बा. लेतूचा दगडही आहे. जवानांनी त्याला चुना फासून वर निशाणाचं अंतर म्हणून ३०० लिहिलंय. तिथे पालथं पडून ते निशाणावर गोळ्या झाडतात. मी त्या दगडावरून रोज जातो. तो कोणाचा, हे ठाऊक असून रोज जातो.

आज बुधवार. दुपारी गोळीबार संपला, धोक्याचा लाल बावटा उतरला, सगळे जेवायला गेले. मी गोदामातून सब्बल घेतली आणि दगडामागची माती काढली. वीतभरही खणावं लागलं नाही. खण्ण वाजलं.

झाकणावर मोर होता.

डबी काळी पडली होती, झाकण घट्ट बसलं होतं. उघडलं तेव्हा आत आठ घड्या घातलेला कागद. वाळवी लागू नये, ओल लागू नये, म्हणूनच ना डबीत ठेवलास? सरकारी कागद, ज्याचा त्याला नीट पोचला पाहिजे! पहिली ओळ अजून वाचता येते, "लेतू वल्द मुत्ता कोलाम यास." आणि कागदावर चिमूटभर तंबाखू, वाळून मातीसारखी झालेली. ती लेतूसाठी ठेवलीस ना? दोघं मोहाखाली बसून एकाच डबीतली खायचात.

पटवाऱ्याने तुला विचारलं असेल, समोरासमोर दिली का? तू म्हणाला असशील, हो, समोर दिली. यात तू खोटं काय बोललास? मी फाईल घेऊन शोधत बसलो तर मला एक शब्द खोटा सापडत नाही.

पण बा, तुला वाटलं तरी काय? लेतू उठून तीस दिवसांत हरकत घेईल? बावीस घरांचा प्रश्न होता! तू शब्द पाळलास आणि पोडाने रीत पाळली, आणि साहेबाने दोघांचं गप्प राहणं लिहून घेतलं. एकदा माझ्याकडे का आला नाहीस? म्हणायचं होतंस, दौलत, एवढ्या एका मयतापुरता शब्द सोड. मी सोडला असता का? आता खोटं कशाला बोलू? तेव्हा नसता सोडला. तुझ्यावरच खेकसलो असतो. हे तुला ठाऊक होतं, म्हणूनच तू आला नाहीस.

तो शब्द घेतला त्याचं मला आजही वाईट वाटत नाही. ती काठी जळायलाच हवी होती. मला वाईट वाटतं ते याचं, की "गरिबाचा असला तं" असं तू विचारलंस, तेव्हा मी तुझं ऐकून घेतलं नाही. तू प्रश्न विचारला होतास आणि मी तुला दटावलं.

कोट तू का घातला नाहीस, रस्ता का सोडलास, पाटी तीनदा का वाचून घेतलीस, हे आता कळलं. मेलेल्याचं नाव सरकारने तेवढं मोठं लिहिलं होतं, आणि तुला काही बोलता येत नव्हतं. माझ्या नोकरीचं मात्र अजून कळलेलं नाही. साहेबाने खूश होऊन माझं नाव सुचवलं होतं का? तू मागितलं नसशीलही. तो संशय माझ्यापाशी राहील. तोही फिटावा म्हणून मी तुला निर्दोष ठरवणार नाही. बाप होतास, देव नव्हतास.

सकाळी मेजरसाहेबांना अर्धं पान दिलं. लिहिलं, की लेतू हा राजा नव्हता, कोलाम होता, त्याने इथे पहिली झोपडी बांधली, तो याच मैदानात पुरलेला आहे आणि त्याची माणसं नाल्यापलीकडे राहतात. साहेबांनी दोनदा वाचलं. म्हणाले, "राजावाली बात अच्छी थी." कागद मात्र खिशात ठेवला, फाडला नाही. आता डबीचंही त्यांना सांगावं लागेल. मग ते मला ठेवतील की काढतील, ते बघू.

मायला आताच सांगितलं. डबी तिच्या हातात दिली. ती कितीतरी वेळ पदराने मोर पुसत बसली. मी विचारलं, फोटो नाही लागला तर चालेल का? तिने झाकण एकदा उघडून मिटलं. मग डबी माझ्याकडे परत देत म्हणाली, "तुहा बाप येडा होता. घेऊन जाय उद्या. पन माघारी आनजो."

बा, माझ्या डोक्यावर हात ठेवून दिलेला तुझा शब्द मी आज परत करतो. तू सुटलास. लेतूचा सांगावा तू सात पोडांना दिलास, आठवा सरकारला द्यायचा राहिला होता. तो उद्या मी नेतो. सकाळी घरून पाणी न पिता निघेन. रस्त्यात कोणी चहाला बोलावलं तरी थांबणार नाही. तहसिलीत माझं नाव पुकारलं, की डबी टेबलावर ठेवीन आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगेन, की लेतू मेला, नोटीस निघाली त्याच्या दहा वर्षं आधी मेला, आणि हे माझ्या बापाला ठाऊक होतं.

सांगून झालं, की बाहेरच्या नळावर जाऊन पाणी पिईन.

तुझा,
दौलत